मोगऱ्याची शिट्टी

"पाना लावायचा नाही, हत्यारांची पेटी उघडायची नाही, आणि उद्या दिवस मावळायच्या आत तेल थांबलं पाहिजे!" रावसाहेब वाघचौऱ्यांनी काठी आपटली. "नाहीतर ज्याच्या हातनं ही गळती झाली, त्याला गेटाबाहेर काढीन! मग तो कोणी का असेना!"

कोणी का असेना म्हणजे गेनू मिस्त्रीच, हे अंगणातल्या कोंबड्यांनाही कळलं.

रावसाहेबांचे ट्रक चौदा, पण जीव एकट्या 'मोगऱ्या'वर. त्याच्या मागच्या चाकांमधला तो लोखंडी गोळा, डिफ्रन्शियल म्हणतात तो, वर्षभर ठिबकत होता. थेंबथेंबच, पण रोज सकाळी पांढऱ्या फरशीवर भाकरीएवढा डाग! गेनूने तीनदा तेल अडवणारं रबरी सील बदललं, तरी डाग आपला हजर. त्यात परवाच दसरा झालेला. पूजलेल्या गाडीला पंधरा दिवस पाना लावायचा नाही, ही वाघचौऱ्यांची रीत. म्हणजे हात बांधायचे आणि म्हणायचं, पोह!

गेनूची लेक हौसा नाक्यावर खाणावळ चालवायची. बापाचं उतरलेलं तोंड तिने बघितलं. वीस वर्षांची चाकरी अशी डागावरून जाणार? तिने पदर खोचला आणि ज्वारीच्या पिठाचा डबा काखेत मारून थेट गाडीखाली शिरली.

"अगं, भाकरी थापतेस काय तिथं?" रावसाहेब ओरडले.

"गोळा धुऊन पुसलाय, आता पीठ लावते. तेल कुठनं येतं ते पीठच चुगली करील!"

पांढराफटक गोळा घेऊन मोगऱ्या घाट चढून-उतरून आला. सगळं पीठ कोरडं, फक्त इंजिनाकडून येणारा दांडा गोळ्यात शिरतो तिथे ओली रेघ!

"सीलच की!" गेनू मटकन खाली बसला. "नवंकोरं सील, पोरी. मेलो मी!"

"थांबा आबा. माझ्या कुकरचं रबर नवं असून वाफ कडेनं आली, तर मी रबराला शिव्या देत नाही. शिट्टी बघते. ह्याची शिट्टी कुठाय?"

गेनूने कपाळ बडवून घेतलं. "वरती! हवा जायचं बारीक भोक असतंय!"

हौसाने वर हात घातला. भोक कुठलं? तिथे लाल रंगाचा जाड थर! तिने केसातला आकडा काढला आणि खरवडलं.

फुस्स्स!

कोंडलेली गरम हवा अशी सुटली की टोपी सावरता सावरता रावसाहेबांची काठी पडली.

"आत हवा तुंबली की ती तेलाला ढकलणारच," हौसा म्हणाली. "आणि पाना लावला नाही हं, आकडा लावलाय!"

गाडी पुन्हा घाट फिरून आली. दिवस मावळेपर्यंत सगळे फरशीकडे डोळे लावून बसले. एक थेंब नाही!

रावसाहेब खूश झाले आणि लगेच भडकलेही. "भोकावर रंग फासणारा गाढव कोण? आत्ताच्या आत्ता गेटाबाहेर!"

गेनू आभाळ बघायला लागला.

"रावसाहेब," हौसा अदबीने म्हणाली, "दर दसऱ्याला मोगऱ्याला वरनं खालनं स्वतःच्या हातानं रंग कोण देतं?"

रावसाहेबांची नजर आपल्या नखांतल्या लाल रंगावर गेली.

"मग?" हौसाने गेटाची कडी काढली. "उघडू का?"

रावसाहेब आधी मिशीत हसले, मग पोट धरधरून हसले, शेवटी फरशीवरच बसले. "मिस्त्री कायम! आणि पोरी, तुला पैठणी. आणखी काय पाहिजे, माग!"

"तुमचा रंगाचा कुंचला द्या," हौसा म्हणाली. "तो परत मिळायचा नाही!"