लिंबाजी कासाराचे ठोके

एका गावात एक भोळा कासार राहायचा. नाव लिंबाजी. बायकांना बांगड्या भरायचा. आपल्या अकलेवर त्याचा स्वतःचाही भरवसा नव्हता, म्हणून जो जे सांगेल ते तो तंतोतंत करायचा. घोळ तिथंच व्हायचा.

त्याच्या काळजाचे ठोके मधूनच चुकायचे. ठोका चुकला की तो घाबरायचा आणि घाबरला की ठोके आणखी चुकायचे. आज काही आपण वाचत नाही, असं त्याला रोज वाटायचं.

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं. म्हणाल्या, "गोळी चुकवू नका. धडधडलं की असाल तिथं बसा. सावकाश श्वास घ्या."

बाजारात धडधडलं. लिंबाजी होता तिथं बसला. तिथं बांगड्यांची टोपली होती. सगळ्या बांगड्या वाढल्या. कासारानं बांगडी 'फुटली' म्हणायचं नसतं, एवढं मात्र त्याला कळत होतं.

त्याची बायको अनसूया म्हणाली, "अहो, बसायच्या आधी खाली काय आहे ते बघावं माणसानं."

"खरंच की. माझ्या डोक्यात नुसता भुसा आहे," लिंबाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सरपंचांच्या घरी गेला. सरपंच म्हणाले, "बस." घोंगडीवर त्यांची म्हातारी आई जप करत होती. लिंबाजीनं तिला उठवलं, घोंगडी उचलली, खाली बघितलं. खाली जमीन होती. मग तो बसला.

अनसूयेनं कपाळावर हात मारला. "लोकांच्या घरी झडती घेतात होय? देतील ते मुकाट्यानं घ्यावं."

"हेही बरोबर. मीच येडा."

तिसऱ्या दिवशी घरोघरी कडक चहा मिळाला. तो सगळा मुकाट्यानं प्यायला. संध्याकाळी काळीज उड्या मारायला लागलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या. "कडक चहा बंद. आणि उगाच घाबरायचं नाही. आधी मनगट धरून ठोके बघायचे. फारच बिघडलेत असं वाटलं, तर मात्र तडक माझ्याकडे यायचं."

पुढच्या आठवड्यात लग्नघरी लिंबाजी नवरीला हिरवा चुडा भरत होता. तेवढ्यात त्याच्या छातीत फडफडलं. या खेपेला तो घाबरला नाही. मनगट धरायचं होतं, ते हातातच होतं. ठोके बघितले. मुहूर्त जवळ आलेला, पोरीचं काळीज भीतीनं धाडधाड उडत होतं.

"मेलो," म्हणत लिंबाजी तडक निघाला. मनगट सोडलं नाही.

"काका, माझा हात," नवरी म्हणाली.

"थांब पोरी. हात सोडला तर ठोके दाखवू कुठले?"

पुढं लिंबाजी, त्याच्यामागं नवरी, तिच्यामागं सगळं वऱ्हाड. दवाखान्यात पोचताच त्यानं नवरीचं मनगट पुढं केलं. "बाई, बघा. वाचेन ना मी?"

डॉक्टरीणबाईंनी बघितलं. म्हणाल्या, "लिंबाजी, हे ठोके तुमचे नाहीत."

लिंबाजी पांढराफटक पडला. "अरे देवा. मग माझे मांडवातच राहिले." आणि नवरीला तिथंच सोडून तो ठोके आणायला मांडवाकडं निघाला.