ओझेकऱ्यांची पहिली गत

हिरडेमाथ्यावर जेवढे पॉइंट आहेत, ते सगळे कुठल्या ना कुठल्या गोऱ्या साहेबाच्या नाहीतर त्याच्या मडमेच्या नावाचे आहेत. ती नावं तुम्हाला पाट्यांवर वाचता येतील, त्यासाठी माझ्यासारखा म्हातारा वाटाड्या कशाला हवा? पण हा समोरचा सपाट कातळ बघा. याला पाटी नाही. याला आम्ही पियानोचा माळ म्हणतो. कातळावर हे चार खळगे दिसतात ना, तिथे पियानोचे पाय टेकले होते म्हणे. मागे एक भूगर्भाचे प्राध्यापक आले होते, ते म्हणाले, खळगे पावसाने पडले आहेत. असतीलही. पावसाला इतक्या चौकोनात पडायची बुद्धी कुठून झाली, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

काल बाजारपेठेतलं, नवरदेवाच्या रजेपायी तुळशीच्या लग्नाआधीच उरकलेलं लग्न पाहून तुम्ही चक्रावलात, त्याचं उत्तरही याच कातळावर आहे. बँड लागला, नवरदेव घोड्याजवळ ताटकळत उभा, वऱ्हाडी नाचायला आसुसलेले, तरी कुणी पाऊल उचलेना. आधी मांडववाले नाचले. आचाऱ्याच्या हाताखालची माणसं नाचली, पाणी वाहणाऱ्या बायका नाचल्या, गॅसच्या टाक्या वर आणणारा पोऱ्या नाचला. त्यांचं मन भरल्यावर मग नवरदेवाचे मामा उतरले. इथे कुठल्याही कार्यात पहिली गत, म्हणजे वाजंत्र्यांची पहिली चाल, ओझं वाहणाऱ्यांची असते. मंत्री आला तरी त्याची दुसरी.

ही रीत कशी पडली, त्याची हकिकत अशी सांगतात.

पहिलं मोठं युद्ध संपून काही वर्षं झाली होती. साहेबलोकांना तेव्हा नाचाचं भारी वेड. अमेरिकेतून जॅझ नावाचं नवं वाजवणं तबकड्यांवरून मुंबईत आलं होतं आणि जुन्या चालींवर नाचायला कुणी तयार नव्हतं. इथल्या क्लबाने लाकडी फरशीचं नवंकोरं दालन बांधलं आणि दसऱ्यानंतरच्या हंगामासाठी मुंबईहून एक ऑर्केस्ट्रा ठरवला. त्याचा म्होरक्या कायतान फुर्ताद. गोव्याचा माणूस, चर्चच्या शाळेत सूर गिरवून तयार झालेला, पियानोवर हात ठेवला की चूक म्हणून व्हायची नाही. लोक त्याला कायतानमास्तर म्हणत. बरोबर कॉर्नेटवाला, सॅक्सोफोनवाला, बँजोवाला, व्हायोलिनवाला आणि ड्रमवर पाशकू. सगळे एकाच गावचे, आणि त्या वर्षी सगळेच बिनकामाचे. हा हंगाम साधला तर घरं चालणार होती.

तेव्हा वर यायला गाडीरस्ता नव्हता. बाया-माणसं डोलीत बसून यायची, सामान खांद्यावरून यायचं. पियानो दोन लांब वाशांना बांधला आणि डोलीवाल्या बारा गड्यांनी उचलला. पुढे कोंडिबा ढेबे, साऱ्या डोलीवाल्यांत जुना. मागून त्याची बहीण ठकूबाई पाशकूचा मोठा ड्रम डोक्यावर घेऊन. ठकूबाई विधवा होती, ओझ्याला दोन गड्यांना भारी आणि बोलायला चौघांना.

वाघजाईच्या वळणावर घात झाला. पावसाने वाट खचली होती. एक दोर तुटला, पियानो दरीकडे कलला आणि मागच्यांचे पाय सुटले. कोंडिबा एकटा त्याच्याखाली खांदा देऊन राहिला. सोडावा तर पियानो जातो, धरावा तर माणूस जातो, अशी वेळ. कायतानमास्तर मागून येत होता. तो गुडघ्यावर बसला आणि ओरडला, "वाचव गे माये! पयलें वाजप हांचेंच!"

कोणत्या मायेला हाक मारली, ते पुढे कुणी विचारलं तर त्यालाही नक्की सांगता यायचं नाही. मनात गावच्या चर्चमधली सायबीण, म्हणजे मेरीमाता असेल, डोळ्यांसमोर मात्र वळणावरची शेंदराची वाघजाई होती. माय कोणतीही असो, तिने ऐकलं. बाकीच्यांनी पुन्हा पाय रोवले, वासे धरले, पियानो सरळ झाला. कोंडिबाचा खांदा निखळला होता, पण तो उभा राहिला. तेव्हा मास्तरने सगळ्यांना मराठीत समजेल असं सांगितलं की या डोंगरावर मी पहिली गत वाजवीन ती तुमच्यासाठी, साहेबाच्या आधी. बाराच्या बारा जणांनी ऐकलं. ठकूबाईने जरा जास्तच नीट ऐकलं.

वर पोचल्यावर मात्र क्लबच्या सेक्रेटरी साहेबाने दोन गोष्टी बजावल्या. हंगामाच्या पहिल्या नाचाआधी क्लबाबाहेर एक सूरही वाजता कामा नये. आणि वाजलं पाहिजे ते तबकडीवरच्यासारखं. त्याने ग्रामोफोन लावून दाखवला. मास्तरच्या माणसांनी सुरावटींचे कागद मांडले आणि तेच सूर तंतोतंत वाजवले. एकही चुकला नाही. साहेब ऐकून म्हणाला, हे तर पलटणीची कवायत चालल्यासारखं वाटतं. शनिवारी नाच आहे, तोवर जमलं तर ठीक, नाहीतर मी मुंबईला तार करून दुसरा ऑर्केस्ट्रा बोलावतो.

मास्तर बिचारा हादरला. त्याने मनाशी ठरवलं, आधी माझ्या माणसांची भाकरी, मग नवस. शनिवारचा नाच पार पडू दे, मग निवांत फेडू. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं, उगाच त्याला नावं ठेवू नका.

पण नवस बाकी असला की काही धड होत नाही, असं इथले जुने लोक सांगतात. माणसं घाम गाळून वाजवत होती आणि जे बाहेर येत होतं त्यात जीव नव्हता. त्यातच पियानोच्या पट्ट्या अडकायला लागल्या. दाबली की खालीच राहायची. शहाणे म्हणतात, पावसाळा नुकता सरला होता, भिंती ओल्या, लाकूड फुगलं. असेल. शुक्रवारी निम्मा पियानो मुका झाला, एवढं खरं.

त्या दुपारी ठकूबाई क्लबच्या स्वयंपाकघराच्या दारात सरपण टाकायला आली. मास्तर तिथे पायरीवर डोकं धरून बसला होता.

"मास्तर, आमची गत कवा?" तिने विचारलं.

"उद्या साहेबाचा नाच आहे, बाय. तो झाला की लगेच."

"मंग ती दुसरी झाली," ठकूबाई म्हणाली. "पयली येकच असती. माझा भाऊ हात गळ्यात बांधून बसलाय. हंगाम गेला त्याचा. त्यो रोज इचारतो, वाजलं का म्हनून. त्याला काय सांगू?"

तिने सरपण टाकलं, पदर झटकला आणि निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तर पुढे आयुष्यभर म्हणायचा.

शनिवारी सकाळी त्याने आपल्या माणसांना गोळा केलं आणि सांगितलं, पियानो बाहेर माळावर न्यायचा. पाशकूचं धाबं दणाणलं. "मास्तर, घरा भुरगीं आसात. काम गेलें जाल्यार खातलीं कितें?" पोरांच्या तोंडचा घास जाईल, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. मास्तर म्हणाला, पाशकू, माणूस खांदा देऊन उभा होता तेव्हा त्याच्याही घरात पोरं होती. ज्याला भीती वाटते त्याने आत राहावं, मी रागावणार नाही. आणि तो स्वतःच पियानो ढकलायला लागला. थोड्या वेळाने पाशकू कुरकुरत ड्रम घेऊन निघाला. त्याच्यामागून उरलेले निघाले.

खबर लागताच डोलीवाले आलेच. त्यांनी पियानो उचलून या कातळावर आणून ठेवला. ऊन कडक पडलं होतं. सूर्य चढला तशा पट्ट्या एकेक करून सुटत गेल्या म्हणे. मास्तरने हात ठेवला आणि पियानो बोलला. ऑर्केस्ट्रा सुरू झाला.

पण नाचणार कोण? डोलीवाले एका ओळीत उभे, हात बांधून, लग्नात परक्याच्या पंगतीत बसल्यासारखे अवघडलेले. असलं वाजवणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यावर पाय कसा टाकायचा, कुणाला ठाऊक! मास्तरला रडू यायचं बाकी राहिलं. ज्यांच्यासाठी नोकरीवर पाणी सोडलं त्यांनाच त्याचा आनंद नाही, मग नवस फिटला कसा म्हणायचा?

तेव्हा कोंडिबा पुढे झाला. गळ्यातला हात तसाच. म्हणाला, "मास्तर, आमाला नाचाया येत न्हाई. चालाया येतं." त्याने एक रिकामी डोली मागवली, चांगला खांदा तिच्या दांड्याला दिला. बाकीच्यांनी उरलेले दांडे धरले, ठकूबाई हसत आत जाऊन बसली, आणि ती डोली माळावर फिरू लागली.

आता डोलीवाल्यांची चाल तुम्ही पाहिलेली नाही. ते कधी पाऊल जुळवत नाहीत. पलटणीसारखी पावलं एकदम पडली तर डोली हेलकावे खाते आणि आतल्याचं पोट ढवळतं. म्हणून एकाचं पाऊल पडतं तेव्हा दुसऱ्याचं नुसतं उचललेलं असतं, तिसऱ्याचं मधेच कुठेतरी. पावलं सगळी विस्कटलेली आणि डोली मात्र पाण्यावरून चालल्यासारखी.

पाशकू त्यांच्या पायांकडे बघत होता. बघता बघता त्याच्या काठ्या पायांमागे जायला लागल्या. ठोका जिथे पडायचा तिथे पडेना, जरा आधी नाहीतर जरा नंतर पडू लागला. मास्तरने मान वळवली, रागवायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याचा डावा हात आपोआप पाशकूच्या मागे गेला. मग बँजो सैल झाला, कॉर्नेट हसायला लागला. वाऱ्याने समोरचे कागद दरीत नेले, ते धरायला कुणी उठलं नाही. डोलीवाले आता खरोखर नाचत होते. ठकूबाई आतून ओरडत होती की मेल्यांनो, पाडाल मला!

आवाज क्लबापर्यंत गेला. सेक्रेटरी साहेब तरातरा चालत आला आणि माळाच्या कडेला उभा राहिला. त्याला बघून पाशकूचा हात अडखळला. मास्तर म्हणाला, "थांबायचं नाही. कोंडिबा थांबला की थांबायचं." आणि कोंडिबा लवकर थांबणाऱ्यांतला नव्हता. साहेब उन्हात उभा राहून राहून लाल झाला.

गत संपली तेव्हा तो काय बोलला, याबद्दल दोन तोंडं आहेत. कुणी म्हणतात, करार मोडला म्हणून त्याने आधी भरपूर शिव्या दिल्या. कुणी म्हणतात, शिव्या नाहीत, त्याने नुसता टोपी काढून घाम पुसला. शेवटी मात्र त्याने विचारलं, "हेच रात्री वाजवाल?"

"वाजवू," मास्तर म्हणाला. "पण साहेब, रात्रीची ती दुसरी."

साहेबाने एकदा डोलीवाल्यांकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्या रात्री नवी फरशी पहाटेपर्यंत वाजत राहिली. तार गेली नाही. फुर्तादांचा ऑर्केस्ट्रा पुढे वर्षानुवर्षं इथे येत राहिला, मुंबईच्या मोठमोठ्या हॉटेलांतही गाजला. पण दर हंगामाची सुरुवात या कातळावर, डोलीवाल्यांसमोर, दिवसाउजेडी. मास्तर गेल्यावर पाशकूने ते चालवलं. क्लबाला टाळं लागल्यावर ती गत आमच्या बाजारातल्या बँडवाल्यांनी उचलली. तिला नाव नाही. ओझ्याची गत म्हटलं की ते सुरू करतात.

आजही दसऱ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी बँड इथे येऊन उभा राहतो. म्हणजे आजच, ऊन जरा कलल्यावर. डोल्या आता राहिल्या नाहीत, पण ओझी काही संपलेली नाहीत. परवा तुमच्या तीन बॅगा स्टँडपासून हॉटेलपर्यंत एका बाईने डोक्यावरून आणल्या. तिचं नाव तुम्ही विचारलं नाहीत. मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. ती येईल, तेव्हा तुम्हीच विचारा, आणि तिचं नाचून होईपर्यंत इथे कडेला उभे राहा. मग तुमची गत लागेल. ती दुसरी असली तरी वाईट वाटून घेऊ नका, तोवर बँडवाल्यांचे हात चांगले मोकळे झालेले असतात.