जोत्याचा थर

समुद्राकाठच्या एका गावात इजाबेल नावाची बाई राहायची. तिच्या हातचा केक इतका हलका व्हायचा, की थंड करायला खिडकीत ठेवला तर त्याच्यावर लाटणं ठेवावं लागे. एकदा ती लाटणं ठेवायला विसरली. केक वाऱ्याबरोबर उडाला आणि शेजारच्या अंगणात जाऊन पडला. शेजाऱ्यांनी तो परत दिला नाही, यावरून तो किती चांगला असेल ते समजा.

त्याच गावात ब्रिजित होती. वयानं लहान, स्वभावानं गरीब. तिचा केक मात्र जड. एकदा एका कुत्र्यानं तिच्या ओट्यावरून केकचा तुकडा पळवला. दोन दिवसांनी त्यानं तो आपणहून परत आणून दारात ठेवला. तेव्हापासून इजाबेल तिच्या केकला ‘वीट’ म्हणू लागली. सगळं गाव हसायचं. ब्रिजितही हसायची. ती घरी जाऊनही हसते का, हे कुणी पाहायला गेलं नव्हतं.

ईस्टरला त्या गावात सात थरांचा केक व्हायचा. गावाच्या आळ्या सात, म्हणून थर सात, एकेका आळीचा एकेक. सगळ्यात खालचा पाटाएवढा, सगळ्यात वरचा बशीएवढा. थरांच्या मध्ये काठी घालायची नाही, फळी घालायची नाही. केकनंच केकला तोलायचं, असा दंडक. रविवारी सकाळी प्रार्थना संपली की चर्चच्या अंगणात थर रचायचे आणि मग सगळ्या गावानं मिळून खायचे.

ज्याचा थर सगळ्यात वर, त्याचीच सजावट. साखरेची फुलं, बदामाची रंगीत अंडी आणि मग चार महिने पुरेल इतकं कौतुक. सगळ्यात खालच्या थराला लोक ‘जोतं’ म्हणत. घर बघायला येणारा माणूस जोतं कधी बघतो का? तसंच इथंही होतं.

वरच्या थरासाठी दरवर्षी भांडण व्हायचं आणि दरवर्षी इजाबेल जिंकायची. यंदा नवे फादर आले होते. त्यांनी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चच्या अंगणात सात चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि म्हणाले, “उचला.”

इजाबेलनं उचलली. आत लिहिलं होतं, जोतं.

ब्रिजितनं उचलली. तिला वरचा थर आला. तिनं चिठ्ठी उलटी करून पाहिली, मागं काही वेगळं लिहिलंय का म्हणून.

गाण्याच्या चमूचे बस्त्याव मास्तर सगळ्यांत आधी बोलले. त्यांना नेहमी सगळ्यांत आधी बोलायचं असे. “पीस खाली आणि वीट वर! फादर, यंदा केक उलटा उभा करायचा की काय?”

अंगणभर हशा पिकला. फादर म्हणाले, “दोघी राजी असतील तर अदलाबदल करा. माझी ना नाही.”

“मी कुणाकडे मागायला जाणार नाही,” इजाबेल म्हणाली. “खाली तर खाली.”

पण मनात तिनं वेगळंच ठरवलं. वरची फुलं लोकांच्या डोळ्यांना दिसतील, पण खालचा थर जिभेवर येईल. असा हलका थर करते, की तो तोंडात गेल्यावर लोक विचारतील, वर काय होतं बरं?

शनिवारी पहाटे ती कामाला लागली. चाळीस अंडी फोडली. पांढरं वेगळं, पिवळं वेगळं. पांढरं फेटायला घेतलं ते ऊन अंगणात येईपर्यंत. तो फेस इतका वर चढला, की कोंबड्या कुंपणावर येऊन बसल्या. आपण नक्की घातलं तरी काय होतं, हे त्यांना बघायचं होतं.

मोठा डबा घेऊन ती इनासच्या पावाच्या भट्टीवर गेली. इनासनं डबा उचलला आणि भुवया उडवल्या. “इजाबेल, डब्यात काही आहे ना? की रिकामाच आणलास?”

“बंद तोंडानं भाज. फुंकर लागली तर उडेल.”

“उडूदे की. उद्या नाहीतरी बसणारच आहे. गावात सगळे तेच बोलताहेत, वरची वीट खालच्या सहांना बसवणार म्हणून. बिचारी ब्रिजित.”

इजाबेल हसली. केक भट्टीतून बाहेर आला तो ढगासारखा. आयुष्यात तिनं इतका हलका केक केला नव्हता.

घरी आणून तिनं तो टेबलावर ठेवला आणि बघत बसली. बघता बघता तिला एक कुतूहल वाटलं. याच्यावर सहा थर येणार. हा किती तोलेल बरं?

टोपलीतलं एक लिंबू उचलून तिनं केकवर ठेवलं. लिंबू अर्धं आत गेलं. उचलल्यावर केक पुन्हा वर आला. मग तिनं बशी ठेवली. बशी उचलली, तर तिचा गोल तसाच उरला. तिसऱ्यांदा तिनं पाण्याचा तांब्या ठेवला, आणि चिखलात पाय जावा तसा तो खाली गेला. लगेच तिनं तांब्या उचलला. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. सहा थर कशाला, हा केक दुसरा थरसुद्धा पेलणार नव्हता.

इजाबेल खुर्चीत बसली. उद्या सगळ्या गावासमोर केक कोसळणार. पण कोसळला म्हणजे दोष कुणाला येणार? इनासनं सांगितलंच होतं. लोक खाली बघणार नाहीत, वर बघतील. वर वीट आहे, हे सगळ्यांना ठाऊक. इजाबेलला काहीच करायचं नव्हतं. तिला फक्त गप्प राहायचं होतं.

गप्प राहणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग पुन्हा एकदा सांगितलं. एकदा सांगून पटलं असतं, तर दुसऱ्यांदा सांगावं लागलं नसतं.

शेवटी ती उठली. ती वीट आहे तरी केवढी, हे एकदा बघून येऊ, म्हणजे मनाची खात्री होईल, असं म्हणत ती ब्रिजितच्या घरी गेली.

ब्रिजित ओट्यावर सुपात काहीतरी वाळवत होती. इजाबेलनं वाकून पाहिलं. सुपात आंब्याचा मोहोर होता. तिनं हात लावला आणि दचकून मागं घेतला. मोहोर साखरेचा होता! मोहरीएवढे दाणे, एकेका तुऱ्यावर शंभरदीडशे, देठाला तांबूस झाक. वास तेवढा यायचा बाकी होता. सहा दिवस पाक ओढून ब्रिजितची बोटं भाजली होती, दोन बोटांना तर चिंध्या बांधल्या होत्या.

“हे तू केलंस?”

“हो. चांगलं नाही का झालं, इजाबेलबाय?”

इजाबेलनं विषय बदलला. “आणि केक?”

ब्रिजितनं आत टेबलावर पालथी घातलेली टोपली उचलून दाखवली. छोटासाच थर, पण टेबल किंचित कुरकुरल्याचं इजाबेलला ऐकू आलं.

“जड आहे, मला माहीत आहे,” ब्रिजित म्हणाली. “लोक म्हणतात, कोसळणार. पण मी नाही घाबरत. मी म्हटलं, खाली इजाबेलबाय आहेत. त्यांचा केक कधी फसलाय का?”

इजाबेलला वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तिनं पुन्हा मोहोराकडे पाहिलं. मग विचारलं, “ब्रिजित, इतका जड केक तू करतेस तरी कसा?”

ब्रिजितचा चेहरा पडला. “आज तरी नको ना, बाय. उद्या सण आहे. उद्या हसा हवं तेवढं.”

“टोमणा नाही गं मारत. शिकायला आलेय.” इजाबेलनं पदरानं तोंड पुसलं. “माझा थर तांब्याखाली बसला. उद्या सगळे तुला बोलले असते, आणि मी बोलू दिलं असतं. इथं येईपर्यंत तरी तसंच ठरवलं होतं.”

ब्रिजितनं हातातलं सूप खाली ठेवलं. रागवावं की काय करावं, हे तिला कळेना. मग ती हळूच म्हणाली, “तर मग अदलाबदल करू. तुम्ही वर या, मी खाली जाते. फादर हो म्हणालेच आहेत. माझ्याकडे विटा हव्या तेवढ्या.”

आठवडाभर इजाबेलला जे हवं होतं, ते असं न मागता समोर आलं होतं. तिनं त्या चिंध्या बांधलेल्या बोटांकडे पाहिलं.

“नको,” ती म्हणाली. “मोहोर वरच शोभतो. तू फक्त सांग. अंडी किती वेळ फेटतेस?”

“फेटत नाही.”

“फेटत नाहीस?”

“रवा आणि ओलं खोबरं आधी भिजत घालते. मग अंडी फोडून सरळ आत, आणि हातानं मळते. आई म्हणायची, केकला वारा लागू द्यायचा नाही.”

“देवा!” इजाबेल म्हणाली. आयुष्यभर तिनं केकमध्ये वाराच तर भरला होता.

दुपारभर दोघी मळत बसल्या. इजाबेलचा हात सवयीनं फेटायला जाई आणि ब्रिजित तो धरून खाली दाबे. तो ढगासारखा केक शेजारच्या मुलांनी दोन मिनिटांत संपवला. सूर्य बुडायच्या आत इजाबेल पुन्हा भट्टीवर गेली. या खेपेला इनासला डबा दोन्ही हातांनी उचलावा लागला. त्यानं डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. पण मग ते तसंच मिटलं. ही बाई उद्या काय करते, ते त्याला बघायचं होतं.

रविवारी प्रार्थना संपली. अंगणात थर रचायला सुरुवात झाली. एक, दोन, तीन, चार. सहाव्याला लोकांनी श्वास रोखला. सातवा ब्रिजितनं ठेवला. सगळ्यांनी वाट पाहिली. केक हलला नाही. मग तिनं वर मोहोर खोचला, आणि बस्त्याव मास्तरांना पहिल्यांदाच काही बोलायला सुचलं नाही. एक मधमाशी येऊन मोहोरावर बसली, फसली आणि चिडून निघून गेली. तिच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळणार नव्हती.

केक वरून कापत कापत खाली आले. सगळ्यात शेवटी जोतं. बस्त्याव मास्तरांनी पहिला घास घेतला आणि गाल धरला.

“अरे, हा खालचा कुणी केला? दाढ गेली माझी!”

तो थर कुणाच्या आळीचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण जड केक म्हटल्यावर माना सवयीनं ब्रिजितकडेच वळल्या. दोघींनी मिळून काहीतरी बदलाबदल केली असणार, असं लोक कुजबुजू लागले. ब्रिजितनं मान खाली घातली. इनास पाववाला पुढं सरकला. त्याची नजर इजाबेलवर होती.

“तो माझा,” इजाबेल म्हणाली.

“तुझा?” मास्तर हसले. “चेष्टा करू नकोस, इजाबेल. तुझा केक फुंकरीनं उडतो.”

“उडणाराही केला होता. त्याच्यावर तुमच्या आळीचा थर ठेवला असता, तर तुम्ही आत्ता चमच्यानं जमीन खरवडत असता. हा कसा करायचा ते मला येत नव्हतं. काल ब्रिजितच्या ओट्यावर बसून शिकले.”

सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांच्या तोंडात घास तसाच होता. टाकून द्यायची सोय नव्हती, फादर समोर उभे होते. ते चावत राहिले. हळूहळू चावणं कमी झालं आणि चाखणं सुरू झालं. घास गिळून ते ब्रिजितजवळ गेले.

“खोबरं ओलं घालतेस की सुकं?” त्यांनी विचारलं.

ब्रिजितला तिच्या केकची कृती विचारणारं गावातलं ते दुसरं माणूस होतं.

तात्पर्य: ज्याच्यावर दुसऱ्याचा भार यायचा आहे, त्यानं आपला नावलौकिक बाजूला ठेवून आधी भक्कम व्हावं, आणि ते येत नसेल, तर ज्याला आपण हसलो त्याच्याकडे जाऊन शिकावं.