आधी यजमानाची ओंजळ

घ्या पाहुणे, तांब्या तुमच्यासाठीच आहे. त्यातलं थोडं मी आधी माझ्या ओंजळीत ओतून प्यायलो, तेव्हा तुमच्या कपाळाला आठी पडली ती मी पाहिली. तांब्याला तोंड लावलेलं नाही, पाणी उष्टं झालेलं नाही. आमच्या बोरशेतात रीतच अशी आहे, की आधी यजमानाने ओंजळभर प्यायचं आणि मग पाहुण्याला द्यायचं. एका लग्नात यावरून वरपक्ष रुसून मांडवाबाहेर गेला होता. त्यांची समजूत काढता काढता मुहूर्त टळायची पाळी आली, पण रीत कोणी मोडली नाही. तिची हकीकत या समोरच्या विहिरीची आहे. ही डॉक्टरांची विहीर.

डॉक्टर म्हणजे त्र्यंबक खांबेटे. मी त्यांना पाहिलेलं नाही, माझ्या आजोबांनी पाहिलं होतं. तालुक्यात दुसरा दवाखाना नव्हता तेव्हा ते आई आणि बायकोला घेऊन इथे आले, असे सांगतात. माणूस तिरसट. नाडी बघताना कोणी बोललं तर हात सोडून देत आणि म्हणत, "आधी तुझं होऊ दे." पण बाळंतीण अडली की बैलगाडीची वाट न बघता चिखल तुडवत निघत. घरी आलेल्या रोग्याला आधी जेवलास का विचारत आणि मग जीभ दाखव म्हणत. आमच्या गावाला गोड बोलणारी माणसं पुष्कळ मिळाली, असा माणूस एकच मिळाला.

एका उन्हाळ्यात पटकी आली. उलट्या, जुलाब, आणि सकाळी धडधाकट असलेला माणूस दिवस मावळायच्या आत गार. डॉक्टरांनी पाणी शुद्ध करायला गावच्या विहिरीत पोटॅश टाकलं. पाणी गुलाबी झालं. नेमका त्याच संध्याकाळी बाबाजी मेटकऱ्याचा धाकटा भाऊ गेला. बाबाजी म्हणजे गावातला वजनदार माणूस, आणि भावावर त्याचा जीव. तो विहिरीपाशी येऊन म्हणाला, "हिरीत इख कालवलंय डाक्टरनं. माझा भाऊ ह्याच पाण्यानं गेला." गावाने विहीर सोडली आणि सगळे तळ्यावर जाऊ लागले. जनावरं ज्यात डुंबत होती, धुणं ज्यात पडत होतं, ते पाणी गावाला चांगलं वाटू लागलं. आमच्या शहाणपणाला तेव्हाही तोड नव्हती.

डॉक्टर विहिरीवर आले, पोहरा ओढला आणि सगळ्यांदेखत ओंजळीने पाणी प्यायले. त्याने काही झालं नाही. बाबाजी म्हणाला, "डाक्टर हाय त्यो. घरी जाऊन उतारा घेत असंल."

त्यावर डॉक्टर विहिरीच्या काठावरच बसले. म्हणाले, "मी इथून उठत नाही. घरचं काही खाणार नाही. हेच पाणी पिणार. मी मरतो का बघा." किती दिवस बसले, याबद्दल गावात एकमत नाही, ज्याचा आजा जास्त अभिमानी, त्याचे दिवस जास्त. भुकेची वेळ झाली तेव्हा त्यांनी भाकरी मागितली ती बाबाजीच्याच घरची. बाबाजीने तोंड फिरवलं, पण त्याच्या बायकोने भाकरी आणून दिली. रोगी येत, त्यांना ते तिथेच तपासत. पाणी मात्र कोणी पीत नव्हतं. तळ्याची वाट चालू होती आणि तिरड्याही चालू होत्या.

मग एका सकाळी त्यांची बायको रमाबाई धावत आली. सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या होत्या.

"मीठ घालून पेज पाजत राहा," डॉक्टर म्हणाले, "थोडी थोडी, पण थांबू नका."

"पाजतेय. पण त्या तुम्हालाच बोलावताहेत."

डॉक्टर उठून उभे राहिले. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "निघाला बघा, उतारा घ्यायला." ते तसेच उभे राहिले म्हणे, घराकडे तोंड करून. घर इथून दिसायचं. चार पावलं टाकली असती तर आईजवळ पोचले असते, पण मग या विहिरीचं पाणी गावात कोणीही प्यायलं नसतं. ते खाली बसले. रमाबाईंकडे बघण्याची त्यांची छाती झाली नाही. ते काठावर बसून रडले, आणि ते सगळ्या गावाने पाहिलं.

रमाबाईंनी घरी जाऊन सासूला खरं ते सांगितलं. सगुणाबाई त्यांचं नाव. कडक सोवळ्याची बाई. ती म्हणाली, "तो येत नसेल तर मला तिकडे न्या." चौघांनी बाज उचलली आणि विहिरीशी आणून ठेवली. डोळे खोल गेलेले, पायांत पेटके. बाबाजी समोरच होता. भावाचं हेच रूप त्याने पाहिलं होतं.

"त्र्यंबक, चिडू नकोस," म्हातारी म्हणाली. "तुझं ते औषधाचं लाल पाणी माझ्या सोवळ्याला चालेना. मी तुझ्या पाठीमागे तळ्यावरून घागर आणवत होते. विहिरीचा थेंब माझ्या पोटात गेलेला नाही." मग मान वळवून लोकांना म्हणाली, "ऐकलंत ना? आता मला हे पाणी पाजा. मी गेले तर तळ्याच्या पाण्याने गेले. माझ्या मुलाला बोल लावू नका."

डॉक्टरांनी पोहऱ्यातलं पाणी आधी स्वतःच्या ओंजळीत घेतलं आणि प्यायले. मग आईच्या तोंडात घातलं. दिवसभर तिचं डोकं मांडीवर घेऊन ते पाणी आणि पेज पाजत राहिले. उन्हं कलली तशी ती गेली.

बाबाजीला तेव्हा आठवलं, की भावाला पहिली उलटी झाली ती पहाटे, आणि विहिरीत औषध पडलं दुपारी. तो पुढे आला, पोहरा ओढला आणि सगळ्यांसमोर घटाघटा पाणी प्यायला. त्याच्यामागे सगळं गाव प्यायलं. पटकी ओसरली.

पुढे डॉक्टर इथेच म्हातारे झाले. आईबद्दल गावाला त्यांनी एका शब्दानेही कधी टोचलं नाही. बाबाजीच्या नातवंडांना तेच देवी काढायचे, तेच ओरडायचे. बाबाजी मात्र त्यांच्या दवाखान्याची पायरी चढला की मान खाली घाले. माफी मागायची राहून गेली होती, आणि जितका उशीर झाला तितकं ती मागणं अवघड होत गेलं.

मग डॉक्टरांची शेवटची वेळ आली. अंगणात माणूस मावेना. वाचा गेली होती, डोळे उघडे होते. त्यांचा मुलगा परगावाहून निघाला होता, पण पोचला नव्हता. तोंडात पाणी कोणी घालायचं, असं झालं तेव्हा रमाबाईंनी काठी टेकत उभ्या असलेल्या बाबाजीला जवळ बोलावलं. पाणी विहिरीवरचं ताजं होतं. बाबाजीने तांब्या घेतला, पण डॉक्टरांच्या ओठांशी नेला नाही. आधी आपल्या ओंजळीत ओतलं, प्यायला, आणि मग त्यांच्याशेजारी टेकला.

"डाक्टर," तो म्हणाला, "म्या पिऊन बघितलंय. चांगलं हाय. प्या."

डॉक्टर हसले, असे सांगतात. पाणी घशाखाली उतरलं आणि त्यांनी डोळे मिटले.

त्या दिवसापासून गावाने ही रीत धरली, पाहुण्याच्या तांब्यालाही तीच. आजही बोरशेतात माणूस जायला टेकला की पाणी घालणारा आधी स्वतः ओंजळभर पितो आणि त्याच्या कानाशी लागून सांगतो, पिऊन बघितलंय, चांगलं आहे.