नमुन्याचे अकरा हात

त्या राज्यात अंगावर रंग चढल्याशिवाय कुणी माणसात जमा होत नसे. शिशाचा बोटभर देह साच्यातून बाहेर पडे, त्यावर राखाडी अस्तर बसे, आणि मग फळीवर उभं राहून वाट पाहायची. वाट पाहायची ती हाताची. हात वरून येई, वरूनच जाई, आणि त्याच्या मनात काय आहे ते कुणाला कळत नसे. रंगात बुडवलेला कुंचला अंगावरून एकदा फिरला की त्यालाही तिथे हातच म्हणत. कुणाला एक हात बसला, कुणाला दोन, यावर त्याची पत ठरे.

ज्या पलटणीची ही गोष्ट, तीत चाळीस जण होते. बहुतेक सगळे भालेकरी. एक निशाण धरणारा म्हातारा, त्याला सगळे निशाणकाका म्हणत. आणि पाठीवर पाण्याची पखाल घेतलेली एक बाई, ती सगळ्यांची मावशी. त्यांचे अंगरखे मोठे अजब होते. बाह्या टम्म फुगवलेल्या, आणि त्या फुगलेल्या बाह्यांना मुद्दाम चिरा पाडून आतलं दुसऱ्या रंगाचं कापड बाहेर ओढलेलं. एक पाय एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या. "धडका कपडा फाडायचा आणि आतलं मिरवायचं, ही कुणाची अक्कल म्हणायची?" असं मावशी विचारी. पण ती पलटण ज्या काळची होती त्या काळी हीच ऐट होती, आणि हाताने मोठ्या हौसेने तीच निवडली होती.

एकविसाव्या दिवशी मैदान होतं. मैदान म्हणजे हिरव्या कापडाचा तो अफाट मुलूख, जिथे फासे पडतात आणि पलटणी एकमेकींवर चालून जातात. कोऱ्या शिशाला तिथे पाय ठेवायची मुभा नव्हती. वेळेत तयार न झालेली पलटण खालच्या खणात जाई. त्या खणात आधीची एक पलटण पडली होती, तीनशे जणांची. त्यांचे फक्त बूट रंगवून झाले होते. खण कधी उघडला तर सहाशे बूट चकाकत, आणि कुणी तिकडे बघत नसे.

वैरी मात्र दिसायचा. समोर खिडकीच्या कट्ट्यावर तो भिंतीसारखा उभा होता, इकडे तोंड करून. पिवळेधमक अंगरखे, त्यावर काळे पट्टे, छातीवरची एकेक गुंडी सोनेरी. ऊन आलं की चाळीसही जण नजर खाली घालत.

पहिल्या दिवशी हाताने फळीवरून एकाला उचललं. दिसायला तो इतरांसारखाच होता, पण उचलला गेला आणि त्याच घटकेपासून त्याचं नाव नमुना पडलं. त्याच्यावर आधी सगळं करून बघायचं, आणि तो जसा होईल तसे बाकीचे करायचे, असा बेत होता. नमुन्याची छाती फुगली. निशाणकाका म्हणाले, "नशीब काढलंस पोरा!" मावशी म्हणाली, "नमुना तर तू आधीपासूनच होतास की रे, आज हाताच्या लक्षात आलं एवढंच." फळीभर हशा पिकला. तो हशा नमुन्याला नंतर फार आठवे, कारण पुढे कितीतरी दिवस तिथे कुणी हसलं नाही.

एका बाहीला नऊ चिरा होत्या. प्रत्येक चिरेत लाल भरायचा, लालाच्या कडेला गडद लाल, वर फिकट लाल. यात पाच दिवस गेले. मग उजवा पाय निळा झाला, तो हाताला रुचला नाही, म्हणून हिरवा झाला, आणि पुन्हा निळा झाला. नवव्या दिवशी डोळे काढले. डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा झाला. हाताने तो पुसला, पुन्हा काढला, मग उजवा मोठा झाला. चेहऱ्यावर पुन्हा अंगाचा रंग, पुन्हा डोळे. फळीवरचे लोक मोजत होते: सात हात, आठ हात, नऊ हात! एवढा मान त्या राज्यात कुणाला मिळाल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं.

बाराव्या दिवशी नमुन्याला जाणवलं की आपल्याला नीट तोंड उघडता येत नाही. साच्याने दिलेले बारीक ओठ, नाकाची शेंडी, हनुवटीवरची खळी, सगळं रंगाखाली बुजत चाललं होतं. त्याला भीती वाटली, पण सांगणार कुणाला? ज्याला नऊ हात मिळाले त्याने तक्रार करायची, आणि ज्यांना एकही नाही त्यांनी ती ऐकायची! अकराव्या हातानंतर तो बोलला की शब्द तोंडातल्या तोंडात राहत.

पंधराव्या दिवशी हाताने एकदाचा दुसरा गडी उचलला. त्याला दुसराच म्हणत, कारण रांगेत तो नमुन्याच्या शेजारी होता. त्याच्या बाहीला लाल लागला. हाताने दुसऱ्याला नमुन्याशेजारी धरलं, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग फडकं घेऊन तो लाल पुसून टाकला. सोळाव्या दिवशी तसंच. सतराव्या दिवशी हाताने दुसऱ्याला उचललंसुद्धा नाही, नुसतं नमुन्याकडे बघितलं आणि निघून गेला. झाकण उघडं राहिलेल्या डबीत निळ्यावर साय धरली होती.

"दोनदा पुसलं हो मला," दुसरा म्हणाला. "माझ्यातच काही खोट असेल का काका?"

"खोट कसली? धीर धर," निशाणकाका म्हणाले. ज्या पेटीतून पलटण आली, आणि जिच्यात भरून ती खणात जायची, तिच्या झाकणावर एक वाक्य कोरलं होतं आणि ते सगळ्यांना पाठ होतं: दोन हात करील तोच मैदानात उतरेल. काकांनी ते पुन्हा म्हणून दाखवलं. "निदान दोन हात तरी बसायला हवेत. नमुन्याला अकरा बसले, आपल्याला दोन नाही बसायचे?"

मावशीने कपाळावर हात मारला. "अहो काका, जन्म गेला तुमचा निशाण धरण्यात! दोन हात करणं म्हणजे लढणं हो. ते आपण करायचे असतात, कुणी आपल्या अंगावर फासायचे नसतात."

वर्षानुवर्षं एक अख्खं राज्य थर मोजत बसलं होतं. काका काहीतरी पुटपुटले आणि निशाणाच्या काठीकडे बघत राहिले.

"पण रंग लागल्याशिवाय मैदानात घेत नाहीत, ते तरी खरं ना?" दुसऱ्याने विचारलं.

"ते खरं," मावशी म्हणाली. "आणि रंग का लागत नाही, तेही मला दिसतंय. पण मी बोलणार नाही."

तिला बोलायची गरज नव्हती. नमुन्याला ते दोन दिवसांपूर्वीच कळलं होतं. हात दुसऱ्याला उचलतो, मग त्याची नजर आपल्याकडे येते, आणि मग फडकं येतं. काकांनी मागे एकदा प्रेमाने म्हटलं होतं, "तुला कसली काळजी? आमचं काहीही होवो, तू काचेच्या कपाटात जाशील." ते ऐकून नमुन्याला हायसं वाटलं होतं. आता त्या हायसं वाटण्याची त्याला इतकी लाज वाटली की अकरा थरांखाली त्याचा चेहरा तापला.

हात नसताना फळीवरच्या लोकांना जरा जरा सरकता येई, त्याहून जास्त नाही. अठराव्या दिवशी, दुपारच्या लख्ख उजेडात, नमुना कडेकडे सरकू लागला. तीन बोटं अंतर कापायला त्याला सगळी दुपार लागली. त्याला कपाटाची आठवण येत होती. कपाटात धूळ नसते, तिथे कुणी पडत नाही. दर वेळी सरकताना त्याला वाटे, इथेच थांबावं, उद्या हात आपणहून सुरुवात करील. पण उद्याचं काही खरं नव्हतं, हे त्याने सतरा दिवस पाहिलं होतं.

"कुठं निघालास?" मावशीने विचारलं.

"वारा घ्यायला," तो कसाबसा म्हणाला.

मावशी हळूच म्हणाली, "भाला अंगाशी धर. आपलं शिसं वाकतं, पण मोडत नाही. जा बाबा."

तो पडला. फरशीवर आधी नाक आपटलं, मग खांदा, मग भाला दोन ठिकाणी वाकला. नाकावरचे, ओठांवरचे थर टवके होऊन उडाले. लाल बाहीखालचं शिसं उघडं पडलं. आणि त्या सगळ्या दुखण्यात त्याला पहिल्यांदा जाणवलं की आपलं तोंड उघडतंय.

हात परत आला. त्याने नमुन्याला उचलून उजेडात फिरवलं. मग हाताने पेटीचं झाकण उचललं. फळीवर एकच हाय उठली. "संपलं," काका म्हणाले, "खणात चाललो आपण." दुसरा तर रडायलाच लागला. नमुन्याला वाटलं, आपण सगळ्यांचं वाटोळं केलं. निदान एक जण तरी धड होता, तोही घालवला.

झाकण खाली आलं, पण पेटीवर नाही. हाताने ते टेबलावर उताणं ठेवलं आणि त्यात लाल रंगाची डबी उपडी केली. मग मोठा कुंचला घेतला, भिंत रंगवायला घ्यावा तसला. नमुन्याला त्याने डागडुजी न करता रांगेच्या शेवटी उभं केलं आणि दुसऱ्यापासून सुरुवात केली.

तीन दिवस हात थांबला नाही. सगळ्यांना लाल, सगळ्यांचा एक पाय निळा, तोंडाला एक फटकारा. नवापैकी चार-पाच चिरा भरल्या, बाकीच्या राहिल्या. डोळे म्हणजे दोन ठिपके, कुणाचा एक गालावर आला. "आता कसा दिसतो मी?" दुसऱ्याने विचारलं. "तिरळा," मावशी म्हणाली, आणि तो आनंदाने हसला. पण रांग भिंतीला टेकून उभी होती, आणि एकविसावा दिवस उजाडला तेव्हा हात फक्त पुढून पोचला होता. चाळीस पाठी कोऱ्या राहिल्या, नमुन्याचीसुद्धा; त्याचे अकराही हात पुढूनच बसले होते.

तशीच पलटण मैदानात निघाली. हिरव्या कापडावर उतरली. समोर ते पिवळेधमक लोक उभे, गुंडीन् गुंडी सोनेरी. "हसतील आपल्याला," दुसरा म्हणाला. निशाणकाकांनी घसा खाकरला आणि कुठलाही निशाणदार कुठल्याही लढाईआधी सांगतो तेच सांगितलं: "गड्यांनो, काही झालं तरी पाठ दाखवायची नाही."

"दाखवायची सोय तरी ठेवलीय का आपली?" मावशी पुटपुटली.

फासे खुळखुळले. लाल रांग पुढे सरकली. पळावंसं प्रत्येकाला वाटत होतं, नमुन्यालाही वाटत होतं, पण वळलं की पाठ दिसणार, आणि वळलं कुणीच नाही. दुसऱ्याच फाशाला नमुना पडला. तो गालावर आडवा झाला, आणि पिवळी फौज त्याच्यावर चालून आली. काळे पट्टे, सोनेरी गुंड्या, पुढे रोखलेले भाले. त्याने डोळे मिटायचा प्रयत्न केला, पण रंगवलेले डोळे मिटत नाहीत. बूट त्याच्या अंगाशेजारून गेले, एक रांग गेली, दुसरी गेली. एकही जण मागे वळला नाही. मग ते सगळे त्याच्या पलीकडे पोचले, आणि पडल्या जागेवरून नमुन्याला त्यांच्या पाठी दिसल्या. एकीवरही रंग नव्हता. शेवटच्या रांगेला तर अस्तरसुद्धा लागलेलं नव्हतं, आणि ते कोरं शिसं घाईघाईने पुढे चाललं होतं.