उघडलेलं पिंप

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं. गोष्ट तशी जुनी आहे. तालुक्याच्या गावी एका बारमध्ये बिअरने भरलेले पिंपअण्णा राहायचे, आणि शेजारच्या फळीवर सीलबंद बाटलीबाई नि बिअरचा डबा.

"अण्णा, उद्यापासून मतदानाची दारूबंदी," डबा म्हणाला. "आज नळ लावून घेऊ नका. उघडलेलं टिकत नाही."

"अरे जा, टिनपाटा!" अण्णा हसले. "लोक ताज्यासाठी जीव टाकतात. रात्रीपर्यंत रिकामा होतो की नाही बघ." आणि मालकाकडे हट्ट धरून त्यांनी नळ लावून घेतला.

पण त्या संध्याकाळी सगळं गाव उमेदवाराच्या फुकटच्या पार्टीला गेलं. बारकडे कुणी फिरकलं नाही. मालकाने वीज बंद केली, शटर ओढलं नि तोही तिकडेच गेला.

आत उकाडा वाढत गेला. अण्णांचा गारवा गेला, फेस मेला, पोटात काहीतरी आंबत चाललं. असे दोन दिवस गेले.

"बाटलीबाई, मालक येईल ना गं?" त्यांनी विचारलं.

बाटली हळूच म्हणाली, "येईल, अण्णा. पण आमच्यासाठी येईल."