काळी तीनचा तंबोरा

"पण माझा आवाज परत कधी येणार, बुवा?"

जयवंतने पुन्हा तेच विचारलं. निळकंठबुवा सुपारी कातरत होते. कातरतच राहिले.

मी बुवांचा जुना शिष्य, बाजूला बसलो होतो. जयवंत माझ्यामागून शिकायला आला आणि माझ्या कितीतरी पुढे गेला. काळी तीनमध्ये गायचा, पेटीची तिसरी काळी पट्टी हा त्याचा षड्ज. एवढ्या उंच पट्टीत पुरुषाचा गळा, तोही लोण्यासारखा! लोक नुसता त्याचा षड्ज ऐकायला यायचे. मग मानेतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. उरली ती घोगरी, फाटकी खरखर.

"डॉक्टर काय म्हणाले?" बुवांनी विचारलं.

"आहे हा असाच राहणार म्हणाले."

"मग मला काय विचारतोस?"

"डॉक्टरला गाण्यातलं काय कळतं?"

"गळ्यातलं कळतं ना?"



रोज पहाटे उठून जयवंत तंबोरा त्याच काळी तीनला लावायचा आणि घसा सोलून घ्यायचा. कुलिंजन झालं, ज्येष्ठमध झालं, नवस झाले. सुंभ जळला तरी पीळ जाईना. घरात बायकोशीही खुणांनी बोलायचा, का तर तो आवाज कुणाच्या कानावर पडू नये. मला त्याचा संताप यायचा, आणि पोटात तुटायचंही.

त्याने तंबोरा बुवांपुढे सरकवला.

"तुम्हीच दिला होतात. आवाज देता येत असेल तर द्या. नाहीतर जाताना हा नदीत सोडतो. गाणं संपलं माझं."

"सोड की. आधी षड्ज लाव."

त्याने तंबोरा छेडला, डोळे मिटले, श्वास भरला. आवाज अर्ध्यावर गेला आणि टरकन फाटला. मी खाली बघितलं.

बुवांनी अडकित्ता ठेवला. तंबोरा ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला आणि खुंटी उलटी पिळली. तार सैल पडली.

"बुवा, हे काय करताय?"

बुवांनी दुसरी खुंटी धरली.

"उतरवू नका! काळी तीनचा तंबोरा आहे तो!"

"तंबोऱ्याला कसली आलीय काळी तीन? भोपळा, लाकूड आणि तारा."

"एवढ्या खाली गायलो तर लोक काय म्हणतील? जयवंत संपला म्हणतील!"

"म्हणताहेत केव्हाचे. तू सोडून सगळ्या गावाला ठाऊक आहे."

जयवंतचा चेहरा कसनुसा झाला...

"हा आवाज माझा नाही, बुवा! माझा नाही हो हा!"

आणि तो रडायला लागला. धाय मोकलून. चांगल्या बाप्या माणसाचं असलं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, बुवा आता त्याच्या पाठीवरून हात फिरवतील.

कसलं काय! बुवा तारेला कान लावून बसले होते. एक कान तारेकडे, एक त्याच्या रडण्याकडे. खुंटी जराशी फिरवायचे, थांबायचे, ऐकायचे, पुन्हा फिरवायचे. मनात म्हटलं, म्हातारा दगड आहे नुसता.

शेवटी त्यांचा हात थांबला. त्यांनी चारी तारा छेडल्या.

जयवंतचा हुंदका आणि तंबोरा एकाच सुरात होते.

मला कळलं, तसं त्यालाही कळलं. गवई तो, कळणारच. त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. खोलीत नुसता तंबोरा वाजत राहिला...

बुवांनी तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि पुन्हा अडकित्ता हातात घेतला.

"तुझा तो जुना आवाज रडायलासुद्धा आला नाही, जयवंता. हाच आला."